कर्दळीच्या पानावरचे पाच डाग

१४ सप्टेंबर

मास्तरीण,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. तेवढा हक्क आता राहिलेला नाही. मग 'आदरणीय' लिहिलं, तेही खोडलं, कारण ते वाचून तू नाक मुरडशील. मास्तरीण तुला सगळा वर्गच म्हणायचा, त्यामुळे त्यात माझं वेगळं असं काही नाही. रागवायचंच असेल तर पुढच्या मजकुरावर रागव.

फोन तू उचलत नाहीस ते बरोबरच आहे. शेवटचं जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "तू बोलायला लागलास की तुझं म्हणणं ऐकू येत नाही, नुसता आवाज येतो." म्हणून लिहितोय. कागदावर ओरडता येत नाही. फार तर अक्षर मोठं होईल आणि कागद लवकर संपेल.

मी ताईकडे आहे. गच्चीलगतची खोली मिळालीये. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या चादरी, मधे मी. भाऊजींनी पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, किती दिवसांचा मुक्काम? ताई म्हणाली, "तुमच्या बहिणीला विचारलं होतं का?" विषय तिथेच मिटला. बाबांचा फोन येतो, पण ताईला. "तो आहे का?" एवढंच विचारतात. आहे म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून देतात. मी समोरच बसलेलो असतो.

कॉलेज सोडल्याचं दुःख नाही. प्राचार्य म्हणाले, सरांची माफी माग. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि चालू लागलो. जिना उतरेपर्यंत फार भारी वाटत होतं. फाटकापाशी आठवलं की छत्री त्यांच्याच केबिनमध्ये राहिली.

तुझ्या चित्राचं मात्र वाईट वाटतं. बावीस दिवस खपून तू ते कर्दळीचं पान रंगवलंस आणि सरांनी वनस्पतिशास्त्राच्या अख्ख्या प्रॅक्टिकलसमोर ते उचलून म्हणावं, "छान आहे, दिवाणखान्यात लावा. शास्त्र नाही हे, शोभा आहे." कुणीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. त्यात टेबल हललं, ब्रश धुवायचं भांडं कलंडलं आणि पाणी सांडलं. व्हायला नको होतं. झालं.

अजून एक सांगायचं आहे, पण आज नाही. आज एवढंच की जिवंत आहे, आणि आठवण येते. किती वेळा ते लिहीत नाही, तू आकडे तपासत बसशील.

'तुझा माचिस' लिहिणार होतो. नुसता

माचिस


२९ सप्टेंबर

मास्तरीण,

काम मिळालं. फ्रेमच्या दुकानात. लाकडी पट्ट्या कापायच्या, काच कापायची, चित्र आत बसवून मागून खिळे मारायचे. मालकांचं खरं नाव पाटीवर आहे, पण आख्खी गल्ली त्यांना काटकोन म्हणते. त्यांच्या खिशात कायम कोपरा काटकोनात आहे का ते बघायचा सुताराचा गुण्या असतो. दिसेल त्या कोपऱ्याला लावून बघतात. परवा माझ्या डब्याला लावला आणि हळहळले.

काच कापताना हिरा एकदाच ओढायचा असतो, एका दमात, ना जोरात ना हळू. रेघ नीट उठली नाही म्हणून परत ओढायला गेलं की काच तिला हवी तिथून तुटते. पहिल्या आठवड्यात मी चार तोडल्या. चौथीला मी काचेलाच दोन शब्द सुनावले. काटकोन म्हणाले, "तिला ऐकू येत नाही रे."

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण बसते. सगळे आत्या म्हणतात, मीही म्हणतो. लोक जुनी चित्रं आणतात, कुठे रंग उडालेला, कुठे वाळवीने खाल्लेलं, ते ती भरून देते. तिच्या टेबलाच्या वर भिंतीला एक जुनं जाहिरातीचं चित्र टांगलंय. थंड पेयाची बाटली, नुकतीच बर्फातून काढलेली, अंगभर थेंब. पहिल्या दिवशी झाडलोट करताना मला वाटलं वरून पाणी गळतंय. फडकं घेऊन पुसायला गेलो. कोरडं ठाक. आत्या खुर्चीत इतकी हसली की चष्मा काढून डोळे टिपले. म्हणाली, "पुसणारा तू दहावा तरी असशील. एकाने तर छपरावर चढून बघितलं होतं."

मग तिने सांगितलं. ती चौदा वर्षं जाहिरातींच्या छापखान्यात होती. तिथे एक जण बाटली काढायचा, दुसरा अक्षरं, आणि ही फक्त थेंब. दिवसभर थेंब. गळ्यापाशी बारीक, पोटापाशी मोठे, आणि एक तरी खाली घरंगळलेला. घरंगळलेल्या थेंबामागे ओल्या काचेची वाट सोडायची, नाहीतर तो चिकटवल्यासारखा दिसतो. साहेब लोक बघायला आले की ती त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघायची. घोट गिळला की चित्र पास.

मी तिथेच उभा राहिलो, फडकं हातात. डोक्यात काय आलं ते पुढच्या पत्रात लिहितो. अजून मलाच धीर होत नाही.

माचिस


२० ऑक्टोबर

मास्तरीण,

सांगून टाकतो.

तुझं चित्र माझ्याकडे आहे. त्या दिवशी तू ते लॅबच्या टोपलीत टाकलंस आणि निघून गेलीस. मी प्राचार्यांकडे जाण्याआधी परत आलो, ते काढलं, शर्टाच्या आत घातलं. प्राचार्यांसमोर मी एवढा ताठ उभा होतो तो बाणेदारपणा नव्हता, छातीला ओला कागद होता.

इथे गादीखाली सपाट करून ठेवलंय. पान अजूनही पान आहे. शिरा, कडेची ती तांबूस रेघ, टोकाला सुकून वळलेला बोटभर भाग, सगळं जागेवर. फक्त पाच ठिकाणी भांड्यातलं गढूळ पाणी पडून रंग फाकलाय. आत्या अशा डागाला झालर म्हणते. मधे फिकट आणि कडेने गडद कातरलेली किनार.

बाटली बघितली तेव्हा डोक्यात हेच आलं. डाग पडलेत ते पाण्याचे. मग पाणीच दिसू दे. पाच डागांचे पाच थेंब. सकाळी झाडांना पाणी घातल्यावर कर्दळीवर बसतात तसे. असं वाटावं की तुझ्या मनात ते पहिल्यापासून होते.

आणि घाई का, तेही सांगतो. गेल्या आठवड्यात लॅबच्या मामांना फोन केला, छत्रीचं निमित्त करून. छत्री सापडली आहे. तुझं विचारलं. ते म्हणाले, मास्तरीणबाईंनी तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही. रंगांचा डबा लॅबच्या कपाटात ठेवून गेल्यात, म्हणाल्या कुणाला लागला तर द्या. हे ऐकल्यावर मी फोन ठेवला. तू डबा देऊन टाकणारी आहेस का? खोडरबर उसनं दिलं तरी त्यावर नाव लिहून द्यायचीस.

तर मी शिकतोय. आत्याला सगळं नाही सांगितलं. म्हटलं, थेंब काढायला शिकव. ती म्हणाली, चार दिवस नुसता बघ. दुकानामागे कुंडीत कर्दळ आहे. तिचं पान तोडून आत्याने माझ्यासमोर ठेवलं, ड्रॉपरने एक थेंब सोडला आणि आपल्या कामाला लागली. मी आणि थेंब. कधी आयुष्यात एवढा गप्प बसलो नव्हतो. थेंब जेवणाच्या सुट्टीपर्यंत आटतो, मग ती दुसरा सोडते.

पाचव्या दिवशी ब्रश दिला. मी काढलेले पहिले वीस थेंब बघून म्हणाली, "मोती छान आलेत. ओवून घे." कारण मी उजेडाकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी केली होती, चेंडू काढतात तशी. पाण्यात उलटं असतं, मास्तरीण. मी चार दिवस त्याच्याकडे बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. उजेड ज्या बाजूने येतो ती बाजू आतून गडद असते, आणि पलीकडची उजळ, कारण उजेड थेंबात शिरून पलीकडच्या भिंतीशी जमतो. गडद भागात एक कडक पांढरा ठिपका. थेंबाच्या बाहेर, पलीकडे, पानावर सावली.

तो पांढरा ठिपका मी पोस्टर कलरने दिला. तिने नखाने खरवडून काढला. "हा चुना आहे. पाण्यात पांढरं काही नसतं. पांढरा तो कागद. आधी सोडायचा, मग बाकीचं रंगवायचं." सोडायला विसरलं तर? तर ओल्या ब्रशने तेवढाच रंग भिजवायचा आणि फडक्याने टिपून घ्यायचा. एकदा टिपून होत नाही. वाळू द्यायचं, परत भिजवायचं, परत टिपायचं. दिवसाकाठी ती माझ्याशी बोलते ती वाक्यं मोजली तर निम्मी "वाळू दे" असतील.

एकदा मी वाळू न देता सावली लावली, ती थेंबात शिरली, थेंबाचं डबकं झालं. मी ब्रश भिरकावला. तो चित्राभोवती बसवायच्या काटकोनांच्या नव्या कोऱ्या माउंटवर जाऊन पडला, हिरवा डाग. काटकोन आले, डागाजवळ गुण्या लावला, बघितलं आणि म्हणाले, "वाकडा पडलाय." बस. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी संध्याकाळपर्यंत कान लाल करून पट्ट्या घासत होतो.

आणि हो. मागे लिहिलं होतं की टेबल हललं. टेबल कशाला हलेल? मी हात आपटला.

माचिस


८ नोव्हेंबर

मास्तरीण,

आज आत्याने माझा थेंब फडक्याने पुसला.

म्हणजे मुद्दाम नाही. मी कागद तिच्या टेबलावर ठेवला होता, ती चष्म्याशिवाय होती, टेबल पुसताना तिने सवयीने त्यावर फडकं फिरवलं आणि थबकली. मग माझ्याकडे बघितलं. लगेच काटकोनांना हाक मारली. त्यांनी कागदावर बोट ठेवून बघितलं आणि गुण्या काढलाच नाही खिशातून. तुला नाही कळायचं हे केवढं आहे. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, थेंबाचं कौतुक पुरे, गच्चीवरची टाकी गळतेय ती बघ.

मी खूश आहे. लिहायला थोडं लाजल्यासारखं होतंय, कारण आपण रुसलेलो आहोत, म्हणजे तू आहेस, आणि मी इथे सकाळी शीळ घालत जिना उतरतो. आता तुझी आठवण थेंब काढताना येते, तरी थेंबाची कड हलत नाही. पूर्वी तू नुसती बेंचजवळून गेलीस तरी माझी रेघ वाकडी व्हायची. तुझ्याकडे तशा तीन वह्या पुरावा म्हणून आहेत, कारण तूच त्या लाल पेनने तपासल्या होत्यास.

चाळीस थेंब झाले. त्यातले शेवटचे सहा खरे. रविवारी तुझं पान गादीखालून बाहेर काढणार. ते एकच आहे, दुसरं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी ट्रेसिंग पेपरवर पाचही थेंब काढून ते तुझ्या पानावर ठेवून बघणार, आणि मगच.

प्रार्थना वगैरे तू करत नाहीस. निदान रविवारी दुपारी शिंकू नकोस.

माचिस


१० नोव्हेंबर, रविवार

मास्तरीण,

नाही केलं.

दुकान बंद असतं, पण मागची खोली आत्याने उघडून दिली. मी तुझं पान गादीखालून काढून कापडात गुंडाळून नेलं होतं. ट्रेसिंग पेपरवर पाच थेंब तयार होते, बरोब्बर डागांच्या मापाचे. ते पानावर ठेवले आणि दोन पावलं मागे आलो. पान छान. थेंब छान. दोन्ही मिळून काहीतरी बिनसलेलं. थेंब म्हणजे पानावर शिवलेली बटणं वाटत होती. मी पेपर सरकवला, फिरवला, डोळे बारीक केले. आत्या मागून आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "पानाला सकाळ आहे आणि थेंबांना संध्याकाळ."

तुझ्या पानावर उजेड डावीकडून आहे. माझ्या थेंबांवर उजवीकडून. कारण माझ्या टेबलाची खिडकी उजवीकडे आहे, आणि महिनाभर मी तिथे बसून जे दिसलं ते काढलं.

आणि मग मला फळ्यापुढे उभी असलेली तू आठवलीस. दुसऱ्या सत्रात सर आले नव्हते म्हणून तू तास घेतला होतास. शास्त्रीय चित्रात उजेड नेहमी डावीकडून, वरून. कुठल्याही देशातला माणूस चित्र बघो, त्याला उंचवटा कुठला आणि खळगा कुठला हे विचारावं लागू नये. सगळा वर्ग लिहून घेत होता. मी तुझ्या वेणीला लागलेल्या खडूकडे बघत होतो. तो खडू मला अजून दिसतो. वाक्य आज ऐकू आलं.

गादीखाली दोन महिने ते पान होतं, मास्तरीण. रोज काढून बघायचो. बघायचो म्हणजे तू आठवायचीस. पान मी आज पहिल्यांदा बघितलं. डावीकडचा उजेड प्रत्येक शिरेवर पडलाय, प्रत्येक शिरेला उजवीकडे केसाएवढी सावली आहे. सर म्हणाले ती शोभा त्यात कुठेच नाही. आणि हे तू त्यांना सांगणार होतीस.

आत्याला विचारलं, डावीकडून परत शिकायला किती दिवस? म्हणाली, तुला आता आठवडा पुरे. मग तिने विचारलं, "हे पान कुणाचं?" सांगितलं. सगळंच सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तिने थेंब मागितलेत?"

मी चिडलो. तुला माहीत आहे मी कसा चिडतो. म्हटलं, मी तिच्यासाठीच करतोय, महिनाभर राबलो, तिने ब्रश सोडलाय, कुणीतरी काही करायला नको का? बोलता बोलता मला माझंच बोलणं ओळखीचं वाटायला लागलं. मी बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा आत्या पानाकडेच बघत होती. म्हणाली, "छापखान्यात बाटली काढणारे एक गृहस्थ होते. थेंब मीच घालणार हे ठरलेलं असायचं. तरी त्यांनी बाटली स्वतः उचलून माझ्या टेबलावर ठेवल्याशिवाय मी कधी ब्रश टेकवला नाही. ते घरी गेले असले तर सकाळपर्यंत थांबायची."

आता खरं काय झालं ते. टेबल हललं नाही. मी हात आपटला हेही पुरतं खरं नाही, तो नंतर आपटला. सर बोलले तेव्हा तू शांतपणे उठलीस. तुझ्या एका हातात टिपणांचा कागद होता. मी उसळलो तेव्हा दुसऱ्या हाताने तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, "थांब, मी बोलते." मी बाही हिसकावून घेतली. भांडं त्या हिसक्याने गेलं. पाणी सांडलं नाही, मी सांडलं. आणि तुझं बोलायचं राहिलं ते माझ्या आवाजामुळे राहिलं. तुझ्या बाजूने बोलतो म्हणत तुलाच गप्प केलं, सरांनी केलं त्याच्यापेक्षा जास्त.

हे लिहून झालं. आता बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याचीही लाज वाटत नाही.

पान उद्या पाठवतोय. दोन पुठ्ठ्यांमध्ये, चारी कोपरे काटकोनांनी स्वतः तपासलेले. जसं होतं तसं, पाच डागांसकट. टोपलीत टाकायचं तर टाक, तो तुझा निर्णय. मी ते चोरलं होतं, ते परत करतोय. सोबत माझ्या थेंबांचा एक कागद ठेवलाय. तो नुसता बघायला. त्यात उजेड उजवीकडून आहे, खिडकीमुळे.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो. बघणार आहे.

माचिस


१ डिसेंबर

मास्तरीण,

तीन आठवडे झाले. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. भला माणूस आहे.

टेबल मी खोलीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं. आता खिडकी डावीकडे. पहिले दोन दिवस सगळं उलटं वाटलं, डोकं फिरायची वेळ आली, पण फिरलं नाही.

काटकोनांनी मला पट्ट्यांचे कोपरे कापायला दिलेत. पंचेचाळीस अंशाचे दोन काप एकत्र आले की मधली रेघ दिसता कामा नये. काल एका फ्रेमची दिसली नाही. आत्याने वाळवीने खाल्लेल्या एका फुलदाणीच्या चित्रातला कोपरा मला भरायला दिला. थेंब नव्हता त्यात, नुसती भिंत. भिंतसुद्धा अवघड असते.

बाबांचा फोन आला होता. ताईला म्हणाले, "तो आहे का?" ताईने फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मग ते म्हणाले, "काच कापायला शिकलास म्हणे." म्हटलं, हो. "हात सांभाळ." म्हटलं, हो. "बरं." मी फोन ठेवल्यावर ताई बाहेर आली ती डोळे पुसत, आणि कांदा तर आज चिरलाच नव्हता.

तू लिहिलं नाहीस तरी मी आता ठीक आहे. हे खोटं नाही. पण मामांना परवा फोन केला होता. छत्रीसाठी. ते म्हणाले, रंगांचा डबा कपाटात दिसत नाही, कुणीतरी नेलेला दिसतो.

कुणी नेला ते मी विचारलं नाही. ही माझी प्रगती म्हणून लिहून ठेव.

माचिस


१४ डिसेंबर, शनिवार

मास्तरीण,

पोस्टमन आज दुकानात शिरला तो पाकीट डोक्यावर धरून. काटकोनांनी करवत थांबवली. मी पाकीट घेतलं आणि हिऱ्याने कापायला निघालो होतो, आत्याने कात्री दिली.

आत तळहाताएवढा कागद. कर्दळीच्या पानाचा एक तुकडा रंगवलेला, तुझीच शीर, तुझीच केसाएवढी सावली, आणि त्यावर एक थेंब. मी बघितला आणि मला हसू आवरेना. आत्याकडे दिला. तिने चष्मा लावला. "मोती," ती म्हणाली.

तुझ्या हातून, मास्तरीण. जिने माझ्या तीन वह्या लाल केल्या तिच्या हातून. पाण्यात उलटं असतं हे मी लिहून कळवलं होतं, तरी उजेड डावीकडून, म्हणून डावी बाजू उजळ आणि उजवी गडद. सगळं नियमाने, घट्ट, गोल, सुरेख मोती.

कागदामागे तू लिहिलंयस ते मी पाठ केलंय, तरी परत उतरवून काढतो, कारण लिहिताना बरं वाटतं. "पान माझ्याजवळ आहे. त्यावर अजून काही केलेलं नाही. हा थेंब सातव्यांदा काढला. उजेड आणि सावली बरोबर आहे, तरी गोटी दिसते. तुझ्या कागदावरून मला कळत नाही, कारण तुझा उजेडच उलटा आहे. हे लिहून समजणार नाही. येऊन दाखव. पाण्याचं भांडं मी धरून बसेन."

मी जागेवरून उठलो तो बसस्टँडवर जायलाच. चपला पण घातल्या. काटकोन म्हणाले, दुपारची बस अडीचला. आत्या म्हणाली, "दाखवणार काय? रिकामे हात?"

म्हणून बसलो. डावीकडची खिडकी, छोटा कागद, एकच थेंब. पांढरा ठिपका आधी सोडला. डावी बाजू गडद, ती ओली असतानाच उजवीकडे विरत नेली. मग थांबलो. मग सावली. आत्या मागून बघत होती, पण "वाळू दे" म्हणाली नाही. मीच म्हणालो. ती हसली आणि चहा ठेवायला गेली.

तो वाळेपर्यंत हे लिहितोय. पोस्टात टाकणार नाही, माझ्यानंतर पोहोचेल. हातात देईन. ताईला निरोप पाठवलाय, ती म्हणाली, सदरा इस्त्रीचा घाल आणि तोंड कमी उघड. मामांकडून छत्रीही घ्यायची आहे. सरांकडे जायचं का ते तू सांगशील तसं. तुझं त्यांच्याशी राहिलेलं बोलणं तू बोलणार असशील तर मी दाराबाहेर उभा राहीन. आवाज न करता उभं राहता येतं मला आता. चार दिवस एका थेंबासमोर बसलोय.

कागद वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. आत्याने शिकवलंय, बोटाची मागची बाजू टेकवायची. गार लागला तर अजून ओला आहे.

आत्ता टेकवून बघितलं. गार आहे.

दीड वाजला. काटकोनांनी थेंबाच्या मापाची एक इवलीशी फ्रेम करून ठेवलीये. चारही कोपरे मी तपासले. मधली रेघ दिसत नाही.

चहा झाला.

परत टेकवून बघितलं. नाही लागत गार. निघतो.

तुझा
माचिस